पहारेकऱ्याचा खर्च आणि चार तिमाह्या

सरकारी खर्चाचा अभ्यास करताना आपले लक्ष सहसा मोठ्या खात्यांकडे जाते. धरणे, रस्ते, शाळा, दवाखाने यांवर किती कोटी रुपये खर्च झाले याचे तक्ते वाणिज्य शाखेच्या प्रत्येक पुस्तकात सापडतात. या खर्चावर नजर ठेवण्यासाठी सरकारनेच जी छोटी छोटी कार्यालये उभी केलेली असतात, त्यांचा स्वतःचा खर्च कसा चालतो याची चौकशी मात्र फारसे कोणी करीत नाही. कारण उघड आहे. ही रक्कम इतकी अल्प असते की अर्थसंकल्पाच्या जाडजूड ग्रंथात ती एखाद्या पानाच्या तळाशी चार-पाच ओळींत आटोपते. त्या ओळी कशा वाचाव्यात, आणि त्यांत वर्षाच्या आकड्यापेक्षा तिमाहीचा आकडा अधिक बोलका का असतो, हे प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे.

हा विषय मी पुस्तकातून शिकलो नाही. अध्यापनाचा व्यवसाय पत्करण्यापूर्वी काही वर्षे मी बऱ्हाणपूर जिल्ह्यातील एका छोट्या तपासणी कार्यालयात हिशेबनीस होतो. माझे घर बहादरपूरचे. बऱ्हाणपुराला लागून असलेले हे गाव. घरात मराठी, बाजारात हिंदी. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ते बहादुरपुरा या नावाने ठाऊक असेल. १६८१ च्या आरंभी हंबीरराव मोहित्यांच्या फौजेने बऱ्हाणपुराबाहेरची जी श्रीमंत पेठ लुटली, ती हीच. तटाच्या आत बंदोबस्त होता; माल तटाबाहेर होता आणि शहर सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यापाशी माणसे थोडी होती. रखवालीवर किती खर्च करावा हा प्रश्न आमच्या गावाला असा फार जुना आहे. असो.

छोट्या तपासणी कार्यालयाच्या खर्चाची शीर्षे मोजकीच असतात. पहिले वेतनाचे. दुसरे कार्यालयीन खर्चाचे, म्हणजे भाडे, वीज, दूरध्वनी, कागद. तिसरे प्रवासखर्चाचे. चौथ्यात वकिलांची फी, प्रशिक्षण आणि किरकोळ बाबी येतात. हे कार्यालय धरण बांधीत नाही, औषधे विकत घेत नाही, अनुदान वाटत नाही. त्याचे सारे काम म्हणजे माणसांनी जाणे, पाहणे, मोजणे आणि लिहिणे. म्हणून त्याच्या खर्चाचा फार मोठा भाग पगाराचा असतो, आणि यात गैर काही नाही.

आता एक नमुना घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी मी बेतलेले आहेत. हिशेबाला सोपे जावेत म्हणून गोळाबेरजेचे ठेवले आहेत. समजा एका कार्यालयाला वर्षाला १ कोटी रुपयांची तरतूद आहे. त्यात वेतन ८४ लाख, कार्यालयीन खर्च ७ लाख, प्रवास ६ लाख आणि इतर ३ लाख. चार तिमाह्यांत सारखी वाटणी केली तर दर तिमाहीला २५ लाख. त्यांत वेतन २१ लाख, कार्यालयीन खर्च १ लाख ७५ हजार, प्रवास दीड लाख आणि इतर पाऊण लाख.

वर्षाच्या मध्यावर वित्त विभागाचे परिपत्रक येते : महसुलाची स्थिती पाहता सर्व कार्यालयांनी खर्चात १० टक्के कपात करावी. दहा टक्के म्हणजे फार नव्हे, असे ऐकणाऱ्याला वाटते. आपल्या नमुन्यातील कार्यालयाला १० लाख वाचवावयाचे आहेत. पगाराला हात लावता येत नाही. भाडेकरार झालेला असतो, वीज तोडता येत नाही. फार ओढाताण केली तर कार्यालयीन खर्चातून १ लाख निघतो. इतर बाबींचे सगळेच्या सगळे ३ लाख दिले तरी बेरीज ४ लाखांवर थांबते. उरलेले ६ लाख कोठून आणावयाचे? प्रवासाची तरतूद नेमकी ६ लाखांची आहे. म्हणजे कागदावरची १० टक्के कपात ही प्रत्यक्षात तपासणीची १०० टक्के कपात ठरते. कार्यालय मात्र बंद पडत नाही. दार साडेदहाला उघडते, हजेरीपटावर सह्या होतात, आवक-जावक नोंदवही चालू राहते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला देखरेख चालू आहे असेच दिसते.

मोठ्या खात्यात असे सहसा घडत नाही. तेथे १० टक्के कापले तर दहा रस्त्यांऐवजी नऊ होतात. एक रस्ता राहिला हे गावाला दिसते, आमदाराला दिसते, वर्तमानपत्रात येते. न झालेली तपासणी मात्र कोणालाच दिसत नाही. तिच्यासाठी मोर्चा निघाल्याचे मी ऐकलेले नाही.

आता तिमाहीकडे वळू. अर्थसंकल्प एका वर्षाचा मंजूर होतो, परंतु पैसा एकदम हाती येत नाही. वित्त विभाग टप्प्याटप्प्याने रक्कम मोकळी करतो, आणि ती आहरण व संवितरण अधिकाऱ्याच्या खाती दिसल्यावाचून कोषागारात देयक स्वीकारले जात नाही. महाराष्ट्रात हे वाटप संगणकावरील अर्थसंकल्पीय वितरण प्रणालीतून होते. पद्धत मुळात चुकीची नाही. सरकारी तिजोरीत कर वर्षभर येत असतो. खर्चही वर्षभर पसरलेला असावा, हा हेतू तिच्या मागे आहे. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांत, २०१७ च्या आवृत्तीतील ६२ व्या नियमात, वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत होणारी खर्चाची घाई हा वित्तीय औचित्याचा भंग मानला आहे. केंद्राच्या वित्त मंत्रालयाने अखेरच्या तिमाहीसाठी वार्षिक अंदाजाच्या ३३ टक्क्यांची आणि एकट्या मार्चसाठी १५ टक्क्यांची मर्यादा घातली ती याच कारणाने.

हा नियम ज्यांच्यासाठी केला ती मोठी खाती. मार्चमध्ये घाईघाईने यंत्रे विकत घेणे, न झालेल्या कामाचे पैसे ठेकेदाराला देऊन टाकणे, असल्या प्रकारांना त्याने आळा बसावा. छोट्या तपासणी कार्यालयाचा आजार उलटा असतो. तेथे मार्चची घाई होते ती उधळेपणाने नव्हे. पैसाच मार्चमध्ये येतो. पहिल्या तीन तिमाह्यांत मिळून एखाद्या शीर्षाखाली वर्षाच्या ५५ टक्केच रक्कम मिळाली आणि चौथीला ३३ टक्क्यांची मर्यादा लागली, तर उरलेले १२ टक्के कार्यालयाची इच्छा असूनही खर्च होऊ शकत नाहीत. ते ३१ मार्चपूर्वी समर्पित करावे लागतात.

समर्पित रकमेची गोष्ट येथे संपत नाही. पुढील वर्षाचे अंदाजपत्रक ज्या तक्त्यात भरतात, त्यात मागील वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढील वर्षाचा अंदाज असे रकाने असतात. छाननी करणारा अधिकारी पहिल्या रकान्यावर बोट ठेवतो आणि विचारतो, “गेल्या वर्षी तुम्ही प्रवासावर साडेचार लाखच खर्च केले, मग यंदा सहा कशाला?” रक्कम उशिरा मिळाली हे सांगण्यासाठी त्या तक्त्यात रकाना नाही. अशा रीतीने उशीर हा गरज नसल्याचा पुरावा बनतो, आणि दोन-तीन वर्षांत सहाचे साडेचार, साडेचाराचे तीन होतात. यात कोणाचा दुष्ट हेतू असावा लागत नाही, ही त्यातली विशेष गोष्ट.

२०२० च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीच्या काळात, केंद्र सरकारने आपल्या खात्यांचे तीन वर्ग पाडले. तिसऱ्या वर्गातील खात्यांना पहिल्या तिमाहीत वार्षिक अंदाजाच्या १५ टक्क्यांच्या आत, दरमहा ५ टक्के याप्रमाणे, खर्च करण्यास सांगितले होते. ती वेळच तशी होती, तक्रारीला जागा नव्हती. पण हीच मर्यादा आपल्या नमुन्यातील कार्यालयाला लागली असती तर काय झाले असते, हा हिशेब विद्यार्थ्यांनी करून पाहावा. दरमहा पगार ७ लाख, म्हणजे वार्षिक तरतुदीच्या ७ टक्के. मर्यादा ५ टक्क्यांची. तपासणी तर दूरच, पगारही पुरा होत नाही. सर्वांना सारखी टक्केवारी लावणे हे दिसायला न्याय्य असते, परंतु ज्याच्या खर्चात ढिलाईची जागाच नाही त्याला ती वेगळी लागते.

कोणी म्हणेल, वर्षाअखेर का होईना, पैसा मिळाला ना? मग तपासणी मार्चमध्ये करा. या प्रश्नाचे उत्तर बऱ्हाणपूरच्या शिवारात मला मिळाले, ते सविस्तर सांगतो.

आमच्याकडे पंचायतींची मातीकामे पावसाळा ओसरला की निघतात आणि पुढच्या पावसाआधी संपवावी लागतात. तलाव, नाला बांध, शेतरस्ते, सारे या काळातले. नाला बांधाचे काम पाहावयाचे असेल तर पायाचा चर उघडा असताना गेले पाहिजे. एकदा चर भरला, त्यावर माती दाबली, की आत तो सहा फूट खोल होता की तीन, हे वरून कोणालाही कळत नाही. रस्त्याचेही तेच. खालचा खडीचा थर किती जाड आहे हे वरचा थर पडेपर्यंतच मोजता येते. हजेरीपटावरील मजूर कामावर आहेत की नाहीत, हे तर काम चालू असतानाच पाहायचे. म्हणजे तपासणीला ऋतू असतो, पेरणीला असतो तसा. तिसऱ्या तिमाहीच्या अखेरचे आणि चौथीच्या आरंभीचे आठवडे चुकले की चुकले.

एका वर्षी आमच्या कार्यालयाला तिसऱ्या तिमाहीत प्रवासाच्या शीर्षाखाली एक रुपयाही आला नाही. उतावळी नदीला मिळणाऱ्या एका नाल्यावर तेव्हा बांध चालू होता. तपासणीस दोन वेळा जाण्यास निघाले आणि दोन्ही वेळा थांबले, कारण आधीच्या दौऱ्यांची त्यांची प्रवासभत्त्याची देयके माझ्या कपाटात पडून होती आणि आणखी पदरमोड करण्याची त्यांची ऐपत नव्हती. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात रक्कम आली. ते गेले तेव्हा बांध पुरा झाला होता. त्यांनी माथ्याची रुंदी मोजली, उंची मोजली, लांबी मोजली. तिन्ही मापे बरोबर होती. पायाच्या खोलीपुढे अहवालात लिहिले : “मोजमाप पुस्तिकेप्रमाणे.” मोजमाप पुस्तिका ही काम करणाऱ्याच्याच बाजूने लिहिलेली असते. ज्या नोंदीची पडताळणी करावयाची, तीच नोंद पडताळणी म्हणून उतरून घेण्यात आली. त्याखेरीज दुसरे काही लिहिता येण्यासारखेही नव्हते.

त्या पावसाळ्यात बांधाखालून पाणी गेले आणि खालच्या अंगाच्या केळीच्या बागांत चिखल भरला. पाया पुरेसा खोल होता आणि पाऊसच अपार झाला, की पाया मुळातच उथळ होता, हे आता कोणालाही सांगता येणार नाही. बांधणाऱ्यावर आळ घेणे अन्यायाचे होईल, त्याला निर्दोष म्हणणेही तितकेच निराधार. बागवाल्यांनी अर्ज दिले. अर्जाला उत्तर म्हणून आमच्याच अहवालाची नक्कल जोडली गेली.

प्रवासाचे शीर्ष कोरडे पडले की आणखी एक गोष्ट घडते, आणि ती मला याहून घातक वाटते. तपासणीसाला गावात जावयाचे आहे, सरकारी जीपला डिझेल नाही, बस दिवसातून दोनदा. अशा वेळी ज्याच्या कामाची तपासणी करावयाची त्याचाच निरोप येतो, “साहेब, गाडी पाठवतो.” गाडी येते. उन्हाची वेळ असते, वाटेत चहा होतो, दुपारी जेवणाचा आग्रह होतो. बहुतेक तपासणीस प्रामाणिक असतात आणि जेवूनही खरेच लिहितात, हे मी पाहिलेले आहे. पण ती गाडी कोठे न्यायची आणि कोठे न्यायची नाही, हे चालवणारा ठरवतो. मूळ रस्ता सोडून आत दोन कोसांवरचे काम पाहायचे, तर ते दुसऱ्याच्या गाडीत बसून कसे सांगणार? दीड लाखाच्या बचतीने सरकार काय विकत घेते ते येथे दिसते.

तिमाहीचा हिशेब वर्षाच्या हिशेबाहून वेगळे काय दाखवतो, हे समजण्यास बऱ्हाणपुरातील एक जुनी वस्तू उपयोगी पडेल. मोगल अमदानीत, १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानाच्या काळात शहरासाठी भूमिगत पाणीयोजना झाल्या. सातपुड्याकडून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून आणलेले आहे. अशा आठ योजना होत्या आणि काहींचे पाणी बहादरपुरालाही येत असे. त्यांतला कुंडी भंडारा अद्याप पाहावयास मिळतो. बोगदा जमिनीखाली असल्याने वरून काहीच दिसत नाही. म्हणून ठरावीक अंतरावर विहिरीसारख्या कुंड्या ठेवल्या आहेत, एकूण शंभरावर. त्यांतून हवा जाते, आत उतरून गाळ काढता येतो, आणि पाणी कोणत्या दोन कुंड्यांच्या मध्ये अडले आहे ते कळते. कुंड्या नसत्या तर शेवटच्या टोकाला पाणी कमी आले एवढेच समजले असते. वार्षिक हिशेब हा असा शेवटच्या टोकाचा आकडा आहे. वर्षाला प्रवासाचे ६ लाख मंजूर आणि ६ लाख खर्च, असे लिहिलेले असले तरी त्यांतले साडेपाच मार्चमध्ये गेले की जूनपासून सारखे गेले, हे त्यातून कळत नाही.

या देखरेखीच्या पगाराचा प्रश्न आपल्याकडे जुन्या राज्यकर्त्यांनाही पडला होता. उदगीरच्या लढाईनंतर १७६० साली बऱ्हाणपूर निजामाकडून पेशव्यांकडे आले आणि पुढे अठरा वर्षांनी ते शिंद्यांकडे गेले. पेशवाईत परगण्याचा कारभार कमाविसदाराकडे असे. त्याला नेमताना जमाखर्चाचा अंदाज बांधून देत, त्याला बेहडा म्हणत. आजच्या भाषेत तेच अंदाजपत्रक. मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस हे दरखदार मात्र कमाविसदाराचे नोकर नसत. त्यांची नेमणूक सरकारातून होई आणि कमाविसदाराला त्यांना काढता येत नसे. मुजुमदाराच्या पसंतीवाचून हिशेब पुढे सरकत नसे, फडणीस रोजच्या नोंदी राखी, पोतनीस रोकड शिलकेचा हिशेब ठेवी. मला या व्यवस्थेतले मर्म असे दिसते की ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्या मर्जीवर नजर ठेवणाऱ्याचे पोट ठेवलेले नव्हते. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या काळात परगणे मक्त्याने देण्याची प्रथा बळावली. ज्याने जास्त बोली केली त्याला परगणा मिळाला. मग दरखदार नावाला राहिले.

आपल्या राज्यघटनेने हाच प्रश्न दुसऱ्या रीतीने सोडविला आहे. अर्थसंकल्पात खर्चाचे दोन प्रकार असतात, दत्तमत आणि भारित. दत्तमत खर्चावर सभागृहात मतदान होते. भारित खर्च थेट संचित निधीतून होतो. त्यावर चर्चा होऊ शकते, मतदान नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या कार्यालयाचा प्रशासकीय खर्च घटनेच्या १४८ व्या अनुच्छेदाने भारित केला आहे. संथानम समितीच्या शिफारशीवरून १९६४ साली स्थापन झालेल्या केंद्रीय दक्षता आयोगाला २००३ च्या कायद्याने हेच संरक्षण मिळाले, २०१३ च्या कायद्याने लोकपालालाही. सत्ताधारी पक्षाने रागाच्या भरात तपासणाऱ्याचे अनुदान नामंजूर करू नये, अशी ही तजवीज आहे.

ती चांगली आहे, पण तिच्याकडून आपण फार अपेक्षा करतो असे माझे मत आहे. भारित खर्च मतदानापासून वाचतो, वित्त विभागापासून नाही. अंदाजात कोणता आकडा घालायचा, तो कोणत्या महिन्यात मोकळा करायचा, रिक्त पदे भरण्यास केव्हा अनुमती द्यायची, हे सारे भारित असले तरी कार्यकारी शासनाच्याच हाती राहते. नऊ महिने वाट पाहावयास लावले तर नामंजूर करण्याची गरजच उरत नाही.

लोकायुक्तांचे उदाहरण या ओघात येते. महाराष्ट्राने १९७१ साली कायदा करून पुढील वर्षी लोकायुक्त नेमले, मध्य प्रदेशाचा कायदा १९८१ चा आणि कर्नाटकाचा १९८४ चा. मध्य प्रदेशात लाच घेणाऱ्यास पकडणारी विशेष पोलीस स्थापना लोकायुक्तांच्या देखरेखीखाली काम करते. बऱ्हाणपूरच्या एखाद्या शेतकऱ्याने किंवा मागवाल्याने तक्रार केली तर पथक इंदूरहून येते, सुमारे पावणेदोनशे किलोमीटरांवरून. सापळा लावायचा म्हणजे तक्रार पडताळून पाहणे, पंच आणणे, नोटांना पूड लावणे, आणि समोरच्याने आज नाही उद्या या म्हटले की दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हा सगळा खर्च प्रवासाच्या आणि किरकोळ बाबींच्या शीर्षांतला. शिवाय तक्रारदाराच्या नोटा मुद्देमाल म्हणून अडकून पडतात. त्याची रक्कम भरून द्यायची तर त्यासाठीही तरतूद लागते. ज्याच्याजवळ देण्यापुरतेच पैसे होते, त्याला हे वाट पाहणे किती महाग पडते याचा विचार व्हावा.

या अंकाच्या कन्नड विभागाच्या वाचकांना कर्नाटकातील हकीकत अधिक परिचयाची असेल. तेथे २०१६ साली सरकारने भ्रष्टाचारविरोधी विभाग वेगळा काढला आणि लोकायुक्त पोलिसांचे ते अधिकार गेले. ऑगस्ट २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने तो विभाग रद्द ठरवला, तेव्हा ते परत आले. मधल्या सहा वर्षांत लोकायुक्तांचे कार्यालय, इमारत, कर्मचारी, सारे जागेवर होते. खर्चाच्या आकड्यावरून कामाचा अंदाज बांधणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

आणखी एक सूत्र सांगण्यासारखे आहे. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात ग्रामसभेकडून सामाजिक लेखापरीक्षण व्हावे अशी तरतूद होती. मध्य प्रदेशात यास सामाजिक संपरीक्षा म्हणतात. २०११ च्या नियमांनी त्यासाठी प्रत्येक राज्यात स्वतंत्र संस्था आवश्यक केली. आंध्र प्रदेशाने अशी संस्था २००९ सालीच काढली होती. या संस्थांचा खर्च आदल्या वर्षी राज्याने योजनेवर केलेल्या खर्चाच्या अर्ध्या टक्क्यापर्यंत केंद्राकडून मिळे. वरवर पाहता सूत्र उत्तम. काम वाढले की तपासणीचा पैसाही वाढतो. परंतु राज्याचा खर्च काही कारणाने घसरला, की पुढील वर्षी लेखापरीक्षकाचाही हात आखडतो. पश्चिम बंगालला मार्च २०२२ पासून गैरव्यवहाराच्या कारणावरून केंद्राचे पैसे बंद झाले. जेथे संशय आहे तेथे तपासणी अधिक हवी, आणि सूत्र मात्र तेथेच शून्याकडे नेते. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी दुसरा संमत केला आहे. त्याखाली देखरेखीचा खर्च कसा बांधला जातो हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी पाहण्याजोगे आहे.

शेवटी, हा अभ्यास करावयाचा कसा, तेवढे सांगतो. आपल्या जिल्ह्यातील कोणतेही एक छोटे तपासणी कार्यालय निवडावे. स्थानिक निधी लेखापरीक्षा, वैधमापनशास्त्र, अन्न तपासणी, कारखाना निरीक्षण, जे सोयीचे असेल ते. माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमानुसार प्रत्येक कार्यालयाने आपले मंजूर अंदाजपत्रक आणि खर्चाचे अहवाल स्वतःहून प्रसिद्ध करावयाचे असतात; केले नसतील तर १० रुपयांचे शुल्क भरून अर्ज करता येतो. अर्जात वर्षाचा एकूण आकडा मागू नये, तो मिळून उपयोग नाही. प्रवासखर्चाच्या एका शीर्षापुरती चार तिमाह्यांची माहिती मागावी : रक्कम किती मोकळी झाली, ती कोणत्या तारखेला मिळाली, प्रत्यक्ष खर्च किती झाला, आणि ३१ मार्चला समर्पित किती झाली. त्याच चार तिमाह्यांत कार्यालयाबाहेर जाऊन केलेल्या तपासण्यांची संख्या आणि त्यांच्या तारखा वेगळ्या मागाव्यात. मग एका कागदावर डावीकडे पैसा मिळाल्याच्या तारखा आणि उजवीकडे तपासणीच्या तारखा लिहाव्यात. जानेवारीपासूनच्या ओळी विशेष लक्ष देऊन पाहाव्यात. एकाच तपासणीसाने एकाच दिवशी तीन तालुक्यांत तपासणी केल्याचे दिसले, तर त्या दिवशीच्या वाहनाची नोंदवही पाहावयास मागावी.